प्रयोजन : पर्यटन

मोहखेडचा रांजणडोह सरकारी दप्तरात पर्यटनस्थळ म्हणून लागला तो माझ्या तोंडून निघालेल्या एका शब्दामुळे. तेव्हा मी मोहखेडचा ग्रामसेवक होतो. गाव पांढरकवड्याच्या बाजूचं, एवढंच सांगतो. नाव मी बदललं आहे, कारण या गोष्टीतली बरीच मंडळी हयात आहेत आणि एक जण पुढे माझा व्याही झाला.

ती कापसाच्या पडत्या काळाची वर्षं. जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि ते वाचून बाहेरची माणसं यायची. समित्या यायच्या, पथकं यायची, अभ्यासक यायचे, कॅमेरेवाले यायचे. यवतमाळला विश्रामगृहात खोली मिळेनाशी झाली होती. आलेला प्रत्येक जण जाताना कापसाला एक पर्याय सुचवून जाई आणि तो पर्याय पुढच्या वर्षी आमच्या गावात येई. एका वर्षी बांधाबांधावर डिझेलच्या बियांची रतनजोत लावली. पुढच्या वर्षी मोठ्या जातीच्या गाई आल्या, त्यांना इथलं ऊन मानवलं नाही. मग मत्स्यपालन आलं. मोहखेडात तळं नव्हतं, तरी दोघांना प्रशिक्षणाला पाठवलं. त्यानंतर पर्यटन आलं.

यवतमाळला सभागृहात कार्यशाळा होती. बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञांनी एकेका ग्रामसेवकाला उभं करून विचारलं, "तुमच्या गावात पाहण्यासारखं काय आहे?" माझ्या आधीच्या चौघांनी हनुमानाचं मंदिर सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मंदिर परत सांगायची लाज वाटली, म्हणून मी म्हणालो, "धबधबा."

सभागृहात हालचाल झाली. तज्ज्ञांनी चष्मा काढला.

"किती उंच?"

"पावसावर आहे," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं. लिहून घेतलेली गोष्ट पुढे टाळता येत नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

खरं सांगायचं तर ती उडी दोन पुरुष उंचीचीही नव्हती. डोंगरातून येणारा नाला काळ्या खडकावरून खाली पडतो, तिथं पाण्याने खडकात रांजणासारखे गोल खड्डे कोरले आहेत आणि खाली एक खोल डोह आहे. श्रावणापासून दिवाळीपर्यंत पाणी पडतं. पुढे डोह उरतो आणि उन्हाळ्यात म्हशी उरतात. तरी माणसं यायची. डोहाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या मध्ये एक सपाट, चार खाटा मावतील एवढा खडक आहे, त्याला गावात चौरंग म्हणतात. त्यावर बसून डबा खायला लोकांना आवडायचं.

ज्यांना सरकारी काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एखादी जागा लोकांना आवडते, एवढ्याने ती पर्यटनस्थळ होत नाही. तिला वर्ग लागतो. अ वर्ग आणि ब वर्ग मोठ्या लोकांचे. आमच्यासारख्यांसाठी क वर्ग. तो मिळाला की रस्ता, निवारा, शौचालय, बाकं मागता येतात. आणि वर्ग मिळण्यासाठी दाखवावं लागतं की इथं माणसं येतात. म्हणजे आधी माणसं यायला हवीत, मग त्यांच्यासाठी सोयी होतील. आलेली माणसं मोजायचं काम ग्रामसेवकाचं.

माझ्याकडे तीन गावं होती. मी डोहावर बसून राहिलो असतो तर जन्ममृत्यूच्या नोंदी कोणी घेतल्या असत्या? म्हणून मी एक जाड वही आखली आणि ती पंचफुलाबाईकडे दिली.

पंचफुलाबाई डोहाच्या काठावर, चिंचेखाली, चार बल्ल्या आणि एका ताडपत्रीच्या आडोशाला चहा-भज्यांचं दुकान चालवायची. वय साठीच्या आसपास, अंगाने सडपातळ, आवाज मात्र नाल्यापलीकडे ऐकू जाणारा. तिचे वडील दीक्षेला नागपूरला जाऊन आले आणि आल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते मुलीचं नाव शाळेत घालण्याचं. मुलगी तेव्हा दहा-अकरा वर्षांची, पहिलीच्या वर्गात सगळ्यांत उंच. ती चौथी पास होऊनच थांबली. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

"बाई, आलेल्या माणसाचं नाव, गाव, किती जण आणि भेटीचं प्रयोजन लिहायचं," मी सांगितलं.

"प्रयोजन म्हंजे?"

"कायले आले ते."

"ते त्याईलेच ठाऊक नसते," ती म्हणाली. "पण मी पायते अन् लिवते."

तिने तसंच केलं. दोन पावसाळे वही तिच्याकडे होती. मी महिन्यातून एकदा जाऊन शेवटचा आकडा तेवढा टिपून आणायचो. अर्ज करायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा मी ती वही नीट वाचली. प्रयोजनाच्या रकान्यात असं होतं :

'नवराबायको. येताना बोलत नव्हते. जाताना बोलत गेले.'

'वणीचे चौघं, कोयशाच्या खाणीतले. पांढरे कपडे घालून दिवसभर बसले. संध्याकाळी कपडे पांढरेच होते म्हणून खुश.'

'एक मास्तर. शाळेच्या टायमात आले. नाव सांगतलं नाई.'

'जवान माणूस. पोहाले आला. पोहता येत नव्हतं. काढला.'

'तिघं दारू पेलेले. पाण्यात जाऊ देल्लं नाई. मले शिव्या देल्ल्या.'

'वरून पाणी आलं. सात जनाले हाका मारल्या. आले.'

पहिल्या तीन प्रकारच्या नोंदी पुष्कळ होत्या. शेवटच्या तीन प्रकारच्याही कमी नव्हत्या.

वही घेऊन मी गटविकास अधिकाऱ्यांकडे गेलो. साहेब वाईट नव्हते. कामाचा माणूस, फायली अडवत नसत. त्यांनी पाचसहा पानं वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

"डंभारे, हे पर्यटनस्थळ आहे की अपघातस्थळ?"

"पर्यटनस्थळ, साहेब."

"मग हे काय? अहो, प्रयोजन एका शब्दात लिहायचं असतं. पक्की प्रत करून आणा."

मी दोन दुपारी ग्रामपंचायतीत बसून नवी वही उतरवली. नावं तीच, गावं तीच, आकडे तेच. प्रयोजनाच्या रकान्यात पहिल्या ओळीवर 'पर्यटन' लिहिलं आणि खाली शेवटच्या पानापर्यंत दोन-दोन रेघोट्या ओढत गेलो. साहेब एका शब्दात लिहा एवढंच म्हणाले होते. कोणता शब्द, ते मी ठरवलं.

क वर्ग मिळाला. गावात पेढे वाटले.

त्याआधीच अंदाजपत्रक तयार झालं होतं. त्यात निवारा, सिमेंटची बाकं, प्रवेशकमान, वर रस्त्यालगत गाडीतळ, गाडीतळाजवळ दुकानाचे चार गाळे आणि डोहाच्या काठाने लोखंडी कठडा होता. छाननीत कठड्यावर प्रश्न आला की याची गरज काय? सादर केलेल्या नोंदवहीनुसार तिथं कधी कोणी पाण्यात पडलेलं नव्हतं. कठडा वगळला गेला. त्याच्याऐवजी कमानीवर दोन मोर वाढले. मोर अजून आहेत, एकाची मान गेली आहे.

काम सुरू होण्याआधी जागा मोकळी करून द्यायची होती. जागेवर एकच अतिक्रमण होतं. नोटीस माझ्या सहीची. ती घेऊन मी स्वतः गेलो, शिपायाला पाठवलं नाही, याचा तेव्हा मला अभिमान वाटला होता.

पंचफुलाबाईने नोटीस वाचली. वाचता येत असल्याने मला समजावून सांगावं लागलं नाही, हेही एक बरं झालं.

सरपंच शालूताई तिशीतल्या. राखीव जागेवर निवडून आलेल्या, पण सही स्वतः वाचून करणाऱ्या. त्यांनी मासिक सभेत आग्रह धरून वरच्या गाळ्यांतला पहिला गाळा पंचफुलाबाईला दिला. पक्का गाळा, शटरचा, वर पत्रे. आम्हाला वाटलं, बाईचं भलं केलं. सामान हलवायच्या दिवशी मी तिथं होतो. ती गाळ्याच्या दारात उभी राहून बराच वेळ खालच्या बाजूला पाहत होती. मध्ये कमान होती आणि निवाऱ्याची मागची भिंत होती.

"भाऊ, इथून पानी दिसत नाई," ती म्हणाली.

"गिऱ्हाईक तर दिसतं ना?"

ती सामान लावायला आत गेली. मी हे वाक्य विनोद म्हणून बोललो होतो.

त्या पावसाळ्यात गाळा पुष्कळदा उघडाच टाकलेला दिसायचा. चूल पेटलेली, बाई नाही. गिऱ्हाईक ओरडून निघून जायचं. दोन तक्रारी माझ्याकडे आल्या. विचारलं तर म्हणायची, "खाली जाऊन येते दर घंट्याले." मी तिला तोंडी समज दिली.

भाद्रपदात आमच्याकडे अभ्यास दौरा आला. दारव्ह्याकडच्या बचत गटाच्या अठरा बायका, एक मिनीबस. ग्रामीण पर्यटनाचं यशस्वी उदाहरण पाहायला आल्या होत्या. कापसाच्या दिवसांत बायकांना असा एक दिवस मिळणं मोठी गोष्ट. ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. आकाश निळं होतं. सकाळी डोंगराकडे ढग दिसले होते, पण डोंगर आमच्या हद्दीत नव्हता.

बायका डबे घेऊन चौरंगावर जाऊन बसल्या. पाणी घोट्याएवढं होतं. काठावर निवाऱ्यात खुर्च्या मांडल्या होत्या. गटविकास अधिकारी हातातल्या भोंग्यावरून स्थानिक स्वराज्य संस्थांचा पर्यटनातला वाटा या विषयावर बोलत होते. बाजूला शालूताई, मागे मी.

तेवढ्यात पंचफुलाबाई वरून धावत आली. हातात जर्मनची परात आणि झारा. ती काठावर उभी राहून परात बडवायला लागली.

बायकांना वाटलं, भज्यांसाठी बोलावते आहे. एकीने हात हलवून ओरडून सांगितलं, "आमी डबे आणले जी, मावशी!"

साहेब थांबले. "डंभारे, जरा त्या बाईंना..."

मी गेलो. "बाई, साहेब बोलून राह्यले. पाच मिनिटं थांबा."

"मी थांबते. पान्याले सांगा."

"स्वच्छ तर आहे पाणी."

"कायचं स्वच्छ? तो पाला पाहा. अन् आवाज आयका, जाडा झाला."

मी पाहिलं. पाण्यावरून पळसाची चार-सहा वाळकी पानं आणि थोडा फेस चालला होता. आवाज मला नेहमीसारखाच वाटला. मी वळून साहेबांकडे पाहिलं. ते भोंगा खाली धरून माझी वाट पाहत होते. काय करावं ते मला कळेना. हा सगळा वेळ फार तर एका मिनिटाचा असेल. पण त्या मिनिटाला ग्रामसेवक म्हणून मी तिथं होतो आणि काहीही करत नव्हतो.

पंचफुलाबाईने परात टाकली, कासोटा घट्ट केला आणि पाण्यात उतरली. चौरंगावर जाऊन तिने पहिल्या बाईचं मनगट धरलं आणि तिला उठवलं, जेवती उठवलं. ते पाहून शालूताई खुर्चीवरून उठल्या. साहेबांच्या हातातला भोंगा त्यांनी ओढून घेतला.

"बायानो, उठा! डबे सोडा! काठाले या, पळा!"

तो आवाज ऐकून बायका उठल्या. मी आणि मिनीबसचा ड्रायव्हर पाण्यात उतरलो. हाताला हात देऊन एकेक बाई काठाला लावत गेलो. तोवर पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं आणि गुडघ्याला लागत होतं. आवाज आता मलाही जाडा वाटत होता. शेवटी एक वयस्क बाई राहिली. ती अर्ध्यातून डब्यासाठी मागे वळली होती. पंचफुलाबाई तिच्यामागे परत गेली. तिला पुढे ढकलून माझ्या हातात दिलं आणि त्याच वेळी वरून एक ओंडका आला. पंचफुलाबाई बाजूला पडली, पाय दोन खडकांच्या फटीत गेला. ड्रायव्हरने तिला काखेत हात घालून ओढलं. मी एका हाताने त्या वयस्क बाईला आणि दुसऱ्याने पंचफुलाबाईच्या लुगड्याचा पदर धरला होता. काठाला लागल्यावर मागे पाहिलं तर चौरंग दिसत नव्हता.

अठरा बायका आल्या होत्या, अठरा निघाल्या. मी तीनदा मोजल्या. मोजायचा मला सराव होता.

पंचफुलाबाईचं मांडीचं हाड मोडलं होतं. यवतमाळला दवाखान्यात ती दीड महिना होती. पहिल्या आठवड्यात मी गेलो, केळी घेऊन. पायाला वजन लावून ठेवलं होतं. इकडचं तिकडचं बोललो. मग मला राहवलं नाही. पक्क्या प्रतीची गोष्ट मी तिला सांगितली.

ती ऐकत होती. "सगळ्याइच्या पुढं पर्यटनच लिवलं?"

"हो."

"तो बुडत होता त्याच्याबी?"

"हो, बाई."

"अन् मास्तरच्या?"

"त्याच्याही."

ती छताकडे पाहून हसली. हसताना पाय दुखला असावा, मध्येच थांबली. मग म्हणाली, "अन् माह्या पायाचं काय लिवलं?"

अहवाल दोन दिवसांपूर्वीच गेला होता. "किरकोळ दुखापत," मी म्हणालो.

"तो अहवाल कोनी लिवला?"

"मीच."

तिने तोंड भिंतीकडे केलं. मी केळी ठेवून निघालो.

त्या अहवालात शेवटचं वाक्य होतं : 'प्रशासनाच्या सतर्कतेमुळे जीवितहानी टळली.' अशा वाक्याने अहवाल संपवायची पद्धत आहे. पण वरच्यांनी ते वाक्य मनावर घेतलं आणि येत्या सव्वीस जानेवारीला सतर्क प्रशासनाचा सत्कार ठरला. गावातच, शाळेच्या पटांगणात. सत्कारमूर्ती मी होतो. प्रशस्तिपत्र, शाल, नारळ. नाही म्हणण्याचा विचार आला होता. पण नाही म्हणायचं तर कारण लिहून द्यावं लागलं असतं.

शाल खांद्यावर पडली तेव्हा टाळ्या वाजल्या. समोर पहिल्या रांगेत पंचफुलाबाईला खुर्ची दिली होती. ती काठी मांडीवर आडवी ठेवून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती. मला वाटलं होतं की त्यात टोमणा असेल. नीट पाहिलं. टोमणा नव्हता. गावातल्या माणसाचा सत्कार होता, म्हणून ती वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून तिच्या हातची वही काढली, वर एक पत्र लावलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. पत्रात लिहिलं होतं की सादर केलेली प्रत खरी नाही, खरी ही आहे आणि फरक मी केला आहे.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "डंभारे, तुमचीच चौकशी लागेल."

"हो, साहेब."

"हे आधी दाखवायचं ना."

"आधी दाखवलं होतं, साहेब."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी पत्रावर 'पुढील कार्यवाहीस्तव' असा शेरा मारला आणि खाली सही केली. त्यांना ते पत्र माझ्या हातात परत देता आलं असतं. त्यांनी दिलं नाही, याबद्दल मी त्यांना मानतो.

मला लेखी ताकीद मिळाली. माझ्या सेवापुस्तकात एकाच डोहासंबंधी अभिनंदन आणि ताकीद समोरासमोरच्या पानांवर आहेत. निवृत्तीच्या वेळी कागद तपासणाऱ्या कारकुनाने मला विचारलं की यातलं खरं कोणतं. मी म्हणालो, ताकीद. वर्षभरात डोहाला कठडा झाला.

पंचफुलाबाईचं काय करायचं, हा प्रश्न ग्रामसभेत शालूताईंनी काढला. बाईला काठी घेऊन वरखाली करणं होत नव्हतं. तिला पाण्यावर लक्ष ठेवण्याच्या कामावर घ्यावं, असं सगळ्यांचं मत पडलं. पण ग्रामपंचायतीच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, असं पद नाही. शिपाई आहे, सफाई कामगार आहे, दिवाबत्ती आहे. पाण्यातून माणसं बाहेर बोलावणारा नाही. मी यादी मोठ्याने वाचत होतो. पाणीपुरवठा कर्मचारी, हे पद आलं तेव्हा शालूताई म्हणाल्या, "थांबा. हे रिकामं हाय ना?"

"आहे. पण त्याचं काम नळ सोडायचं."

"मंग ह्या बाईचं काम पान्याचंच हाय. लिवा."

मी ठराव लिहिला. पुढच्या तपासणीत शेरा निघाला की पाणीपुरवठा कर्मचारी टाकीवर न राहता डोहावर का असतात? मी खुलासा केला, 'पाणी तिथे असल्यामुळे.' शेरा निकाली निघाला. माझ्या नोकरीत मी लिहिलेल्या खुलाशांपैकी हा एकच मला पाठ आहे.

दुकान परत चिंचेखाली आलं. त्यासाठी ताडपत्रीच्या आडोशाला 'माहिती केंद्र' म्हणून मंजुरी घेतली. वरचा गाळा ज्याला दिला तो मोबाइलचं रिचार्ज विकायचा.

पुढे माझी बदली झाली. दोन तालुके फिरलो आणि निवृत्त झालो. निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात बायकोला घेऊन मोहखेडला गेलो. तिने इतकी वर्षं रांजणडोह फक्त ऐकला होता. रविवार होता, गर्दी बरी होती. ऊन पडलं होतं. मी चपला काढल्या, पँट दुमडली आणि कठड्याच्या फटीतून पाय धुवायला खाली वाकलो.

चिंचेखालून आवाज आला, "ओ भाऊ! मांगं सरका!"

मी वळून पाहिलं. पंचफुलाबाई बाकावर बसली होती, मोडलेला पाय लांब करून. केस पूर्ण पांढरे. आवाज तेवढाच.

"बाई, मी डंभारे. ग्रामसेवक. ओळखलं नाही का?"

"ओळखलं," ती म्हणाली. "म्हणूनच सांगून राह्यली. मांगं सरका."

मी मागे सरकलो.